पहिला गूळ

यंदा पावसानं पाठ सोडली ती दिवाळी होऊन गेल्यावर. उसाच्या सरीत चिखल, तोडणीला माणूस उतरेना, आणि चिपाड वाळायचं तर नाव नको. मनुबाईच्या गुऱ्हाळाचं चुलवाण दसरा झाला की पेटायचं, ते मार्गशीर्ष लागला तरी थंडच होतं. उंब्रजच्या शिवारात बाकीच्यांची धुराडी धूर सोडायला लागली आणि आपल्या धुराड्यावर कावळा बसलाय, हे मनुबाईच्या जिवाला लागलं.

"लोक म्हणत्यात, हंबीरराव गेला आन बाईचं गुऱ्हाळ इझलं," ती लेकाला म्हणाली. "चिपाड वलं असंल तर बाभळ फोडा. पर उद्या चुलवाण पेटलं पायजे."

उदयसिंह फौजेतनं सुभेदार होऊन परत आलेला. सीमेवर बर्फात उभा राहिलेला माणूस, पण आईपुढं उभं राहायचं म्हटलं की त्याची नजर जमिनीला जायची. त्यानं बाभळ फोडून घेतली.

चुलवाण पेटलं तसा निम्मा जाळ आणि निम्मा धूर. काहिलीतला रस कढता कढेना. पहिलं आधण बिघडलं. गूळ बांधेना, नुसता चिकटा. तो ओतून द्यावा लागला. दुसरं आधण चढवलं ते रात्र खाऊन गेलं. गुळव्या हरिबा काहिलीच्या काठाला उभा होता तो उभाच. हातात लांब दांड्याचं फावडं, अंगावर मळीचे शिंतोडे, धुरानं डोळे टोमॅटोसारखे झालेले. वडूजकडच्या वस्तीवरचा हा माणूस. बाप मेंढरांमागं फिरून मेला, ह्यानं मात्र गुळाचा हात धरला. हरिबानं पाकाची गोळी थंड पाण्यात टाकून ताटावर आपटली, आणि तिचा आवाज मनाजोगता आला, की मगच काहील उतरायची, हे कराडच्या पेठेतले व्यापारीसुद्धा मानत.

दिस उगवायला काहील उतरली. वाफ्यात गूळ पसरला तो सोन्यासारखा. मनुबाई काठी टेकत आली, बोट लावून बघितलं, आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजेच शाबासकी, हे हरिबाला ठाऊक होतं.

मग रीत आली. हंगामाचा पहिला गूळ गावात कुणाच्या तोंडाला लागायच्या आधी गुळव्याच्या घरच्या देवापुढं जायचा. मालकिणीनं आपल्या नेसत्या लुगड्याचा तुकडा फाडायचा, त्यात गुळाचा कढत गोळा बांधायचा, आणि गुळव्यानं तो वाटेत कुठं न टेकता, न निजता, घरी न्यायचा. वाटेत टेकला की हंगाम टेकला. मनुबाईच्या सासूच्या काळी गुळव्याची झोपडी बांधालाच होती, चार पावलं चालली की घर. आता हरिबाची वस्ती खिंडीच्या पल्याड, मोटारसायकलीवरनं तासाभराच्या वाटंवर. वाट वाढली, रीत होती तेवढीच राहिली.

हरिबा चिपाडाच्या ढिगाला पाठ लावून बसला होता.

"आक्का, जरा डोळा लावतो. उनं वर आली की निघतो."

"निघायच्या आधीच टेकतोस व्हय रं?"

"आवं, डोळं मिटत्यात आपोआप."

"मिटू दे की. गाडीला वाट पाठ हाय."

हरिबा हसला. "आक्का, तुमी मेलेल्याला बी उठवून धाडशीला."

"मर तर खरं, मग बघू," मनुबाई म्हणाली आणि हिरव्या लुगड्याचा काठ दातात धरून टर्रकन फाडला. गूळ बांधून गाठोडं त्याच्या हातात दिलं. ते इतकं कढत होतं की त्यानं या हातातनं त्या हातात केलं, मग बंडीच्या आत पोटाशी घातलं. फाटकावर बसलेल्या अर्जुनानं बांबू वर केला. हरिबाची गाडी धुक्यात गेली.

खिंडीच्या अलीकडं रस्त्यात उसाची ट्रॉली सोडून दिलेली होती. टायर फुटलेलं, मागं ना दिवा ना लाल फडकं.

*

कराडच्या दवाखान्यात तीन दिवसांपास्नं फरशीवर दगडाबाई बसून होती. हरिबाची बायको. पायात चप्पल नव्हती. वस्तीवरनं कुणाच्या तरी टेम्पोत बसून आली ती तशीच. हरिबाची मांडी दोन ठिकाणी मोडलेली, कमरेचं हाड सरकलेलं. डॉक्टरांनी उदयसिंहाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, माणूस वाचंल, काठीवर चालंल, पण उभं राहायचं काम परत त्याच्याकडनं व्हायचं न्हाई.

मनुबाई खाटेजवळ उभी राहिली. हरिबाचे डोळे अर्धे उघडे होते. औषधानं जीभ जड झालेली.

"आक्का," तो म्हणाला, "गूळ सांडला वो."

"सांडू दे."

"हंगाम..."

"गप पड."

बाहेर व्हरांड्यात तिनं दगडाबाईला शेजारी बसवून घेतलं. शब्द तिला शोधावे लागले नाहीत. असले शब्द तिच्या घरात पिढ्यानपिढ्या तयारच होते.

"हे बघ दगडा, तू रडायचं न्हाईस. हरिबा माझ्या घरचा हाय. जल्मभर तुमच्या चुलीला काय कमी पडू द्यायची न्हाई. तू ये कामाला. त्यो बरा झाला की फाटकावर बसंल, अर्जुनाच्या संगतीला. हंबीररावांनी अर्जुनाला सांभाळलाच न्हवं? एक हात गेलेला माणूस, आजवर माझ्या ताटातलं खातोय."

दगडाबाईनं पदरानं नाक पुसलं. कनवटीतनं एक फडकं काढलं. हिरव्या लुगड्याचा काठ. तिनं धुतलं होतं, तरी गुळाचा कडकपणा विणीत राहिला होता आणि एका कोपऱ्यात तपकिरी डाग होता, तो गुळाचा नव्हता.

"हे तुमचं, आक्का. त्यांच्या पोटाशी हुतं."

मनुबाईनं ते घेतलं नाही, तसं दगडाबाईनं ते तिच्या मांडीवर ठेवलं.

"तुमी द्याल वो," दगडाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, दमलेला होता. "तुमच्या हाताला कवा न्हाई म्हणायचं? पर तुमी द्याल तवा द्याल. आन तुमच्यामागं कोण देईल? अर्जुनाभावजींना मी बघतीया. भाकरी आली का म्हणून सारखं घराकडं त्वांड असतंय त्यांचं. माझ्या मालकाला तसं बसवू नगा. माझ्या भावानं साताऱ्याला अर्ज दिलाय."

"कसला अर्ज?"

"भरपाईचा."

मनुबाई उठली. म्हातारपणात तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं ते चप्पल नसलेल्या बाईनं. फडकं मात्र तिच्या हातातच राहिलं.

*

घरी सून रेश्मा कागद पसरून बसली होती. ती कराडला कॉलेज शिकलेली. गुऱ्हाळाचा जमाखर्च तिच्याकडं असायचा.

"आत्या, मी दिवाळीतच म्हणलं हुतं, समद्यांचा विमा उतरू."

"म्हणली हुतीस."

"तुमी म्हणला, जित्या माणसाच्या हाडांचा भाव करायचा न्हाई. विमा म्हंजी अपघाताला आवतन."

"काय बोलली ते मला ठावं हाय. म्होरं बोल."

"आता नवा कायदा लागू झालाय. चरकात हात गेला तरच मालकाची जबाबदारी, असं राहिलं न्हाई. कामावर येताना, कामावरनं घरला जाताना वाटंत अपघात झाला, आन त्याचा कामाशी संबंध दिसला, तर त्यो बी कामावरचाच धरत्यात. विमा असता तर कंपनीनं भरलं असतं. आता आपल्याला."

"वाट काय माझ्या बापाची हाय?" मनुबाई म्हणाली. "सडक सरकारची, ट्रॉली कुणाची, गाडी त्याची. आन पैसं मी भरू?"

रेश्मा कागद गोळा करायला लागली. मनुबाईला कनवटीतलं हिरवं फडकं आठवलं. त्या वाटेला कुणी धाडलं, हे घरात कुणी बोललं नाही. तेवढं वळण तिनं घराला लावलं होतं.

तिसऱ्या प्रहरी लालासाहेब आला. शेजारच्या गुऱ्हाळाचा मालक. पांढरा सदरा, खिशाला मोबाईल, आणि मनुबाईच्या पाटाखालच्या रानावर कायमचा डोळा. चहाची बशी ओठाला लावत म्हणाला, "वैनी, घाबरायचं काय त्यात? कुठं लिव्हलंय हरिबा तुमच्याकडं कामाला हुता म्हणून? हजेरी न्हाई, कागद न्हाई. हंगामाचा पयला दिस. म्हणायचं, त्यो त्या दिवशी आलाच न्हवता."

"समद्या गावानं बघितलाय त्याला," रेश्मा म्हणाली.

"गाव कशाला बोलंल, सूनबाई? ज्याच्या त्याच्या दारात माणसं कामाला हाईत. आज तुमच्यावर, उद्या माझ्यावर. साताऱ्याचा साहेब इचारणार कुणाला? फाटकावरच्या माणसाला. आन फाटकावर तर तुमचा अर्जुना."

उदयसिंहानं आईकडं बघितलं. "आई, भरपाई भरायला पाटाखालचं रान जाईल न्हाईतर."

"बलाव अर्जुनाला," मनुबाई म्हणाली.

अर्जुना आला आणि उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. साठीचा माणूस, खुरट्या पांढऱ्या दाढीचा. डावा हात कोपरापास्नं खाली नव्हता. बंडीची बाही गाठ मारून ठेवलेली. उदयसिंहानं त्याला सगळं नीट सांगितलं, शिपायाला सांगावं तसं. साहेबानं विचारलं तर काय म्हणायचं, आणि परत विचारलं तर काय.

"कळलं का, अर्जुना?"

"कळलं की. आक्का म्हणतील तसं बोलतो."

"घोटाळा न्हाई ना व्हायचा?"

"न्हाई." अर्जुना सहज म्हणाला, पाऊसपाण्याचं बोलावं तसं. "तवा बी मालकांनी सांगितलं तसंच बोललो हुतो. हात माझ्या घरच्या कडबाकुट्टीत गेला म्हणून. फौजदारानं तीनदा इचारलं. तीनदा तेच सांगितलं."

कुणाचाच चहा पुढं सरकेना. मनुबाईनं बाहीची ती गाठ बघितली. ती गाठ ती रोज बघत होती. हात चरकात गेला तेव्हा ती स्वतः रानातनं धावत आली होती. उसाच्या रसात लाल मिसळलेलं तिनं बघितलं होतं, आणि रात्री हंबीरराव म्हणाले, मी बघतो त्याचं, तेव्हा तिला नवऱ्याचा अभिमान वाटला होता. इतकी वर्षं तिनं चारचौघांत तोच अभिमान मिरवला. अर्जुनाला कधी वाटलं असेल का काही? तिनं विचारलं नव्हतं. ताटात भाकरी वाढताना कोण विचारतं?

"जा तू," ती म्हणाली.

अर्जुना गेला. लालासाहेबानं बशी खाली ठेवली. "बघा, कसा इमानी माणूस हाय."

"व्हय," मनुबाई म्हणाली. "पोटानं बांधलाय न्हवं, इमानी नसंल तर जाईल कुठं?"

*

साताऱ्याच्या कामगार कचेरीत पंखा फिरत होता आणि वारा लागत नव्हता. एकच बाकडं, एका टोकाला दगडाबाई आणि तिचा भाऊ, दुसऱ्या टोकाला मनुबाई. आज दगडाबाईच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या, नव्या, त्यांनी तिची टाच सोलवटलेली. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. जीपमध्ये बसून कंबर धरलेली; मनुबाईला वाटलं, ह्या वयात असल्या बाकड्यावर बसायची पाळी आली, ती मागच्या जन्मीचं काय फेडतीय देव जाणे.

साहेब तरुण होता, चष्म्याचा. त्यानं अर्ज वाचला आणि मान वर केली.

"गुऱ्हाळ कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," मनुबाई म्हणाली.

"हरिबा तुमच्याकडं कामाला होता?"

उदयसिंह पुढं झुकला. "साहेब, त्याचं असं हाय, हंगाम नुकताच..."

"तू बस रं," मनुबाई म्हणाली. "इचारलंय मला."

उदयसिंह बसला. अर्जुना भिंतीला टेकून उभा होता, नजर आक्काच्या तोंडाकडं. त्याच नजरेनं तो भाकरीची वाट बघायचा.

"हुता," मनुबाई म्हणाली. "माझ्याच कामावरनं निघाला. माझ्या फाटकातनं."

"घरी चालला होता? का दुसऱ्या कुठल्या कामाला?"

"घरलाच. रात्रभर काहिलीवर उभा हुता. निजतो म्हणला. मी निजू दिला न्हाई."

साहेबानं पेन थांबवलं. "का?"

आता ह्या चष्म्याच्या पोराला काय सांगायचं? सासू, लुगडं, देव, हंगाम. मनुबाईनं कनवटीतलं हिरवं फडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते ऐकू आलं, आणि ऐकताना ते फार मोठं कारण वाटलं नाही. दगडाबाईनं मान खाली घातली होती. तिच्या भावानं हातातले कागद परत पिशवीत घातले. भांडायची तयारी करून आलेला माणूस, भांडणच मिळालं नाही.

"साक्षीदार कुणी?" साहेबानं विचारलं.

"हाय की. अर्जुना." मनुबाई वळली. "साहेब इचारतील ते सांग. माझ्याकडं बघू नगंस. जे बघितलंस ते सांग."

अर्जुनाचं तोंड उघडलं, मिटलं. आक्कावरनं नजर काढून तो म्हणाला, "म्या बांबू वर केला, साहेब. धुकं हुतं."

परतताना जीपमध्ये उदयसिंह एवढंच म्हणाला, "लालासाहेबाला रान दिल्याबिगार सुटका न्हाई."

"दे. लय वर्सं तोंडाला पाणी सुटलंय त्येच्या. पर भाव मी बोलणार. तुला येत न्हाई."

*

गुऱ्हाळ बंद ठेवून चालणार नव्हतं. ऊस रानात वाळत होता. पण पेटायच्या आधी चरकाच्या तोंडावर लोखंडी जाळी बसली. उंब्रजच्या फिटरनं ती बसवली तेव्हा मनुबाई उभी राहून बघत होती. जाळीतनं ऊस जात होता, हात जात नव्हता. एवढंसं काम. तिनं फिटरला विचारलं, ही जाळी आधी मिळत न्हवती का? "मिळत हुती की," तो म्हणाला, "कोण घेत न्हवतं."

रेश्मानं विमा उतरवला. रातपाळी केलेल्या माणसानं गाडीवर बसायचं नाही. उनं आल्यावर उदयसिंह जीपनं सोडणार. नवा गुळव्या आला त्यानं पहिली काहील उतरवून रीतीची आठवण काढली, तशी मनुबाईनं चिपाडाच्या ढिगाकडं बोट केलं. "आधी नीज. देवाला घाई न्हाई. निवलेला गूळ बी गोडच लागतो."

माणसं एकमेकांकडं बघून हसली. म्हातारीला काय झालंय, कुणी तरी पुटपुटलं. तिनं ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

त्या दिवशी दुपारी रेश्मा खळ्यात खुर्ची टाकून बसली आणि एकेकाला बोलावून नेमणुकीचं पत्र देऊ लागली. नाव, काम, पगार, आणि काही झालं तर भरपाई मागायचा हक्क आहे, हे मराठीत लिहिलेलं. जाळ घालणाऱ्या चुलव्यानं घेतलं. चिपाड वाळवणाऱ्या बायकांनी घेतलं. एकीनं ते उलटं धरलं, दुसरीनं सरळ करून दिलं. "लग्नाची पत्रिका हाय व्हय गं?" "व्हय, तुझ्या दुसऱ्या लग्नाची."

सगळ्यांचं झालं. रेश्मा खुर्ची उचलणार तोच अर्जुना फाटक सोडून आला. फाटक सोडून तो कधी येत नसे.

"मला बी द्या," तो म्हणाला.

रेश्मानं सासूकडं बघितलं.

"तुला कशाला रं कागद?" मनुबाई म्हणाली. "तू घरातला."

"घरातला म्हणूनच आजवर न्हाई मिळाला," अर्जुना म्हणाला.

ह्यात राग नव्हता. राग असता तर मनुबाईला सोपं गेलं असतं; रागाला तिच्याकडं उत्तरं होती. तिनं काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. चुलवाणात बाभळीचं लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

"लिव्ह गं," ती शेवटी म्हणाली. "अर्जुना. राखणदार."

"पगार किती लिहू, आत्या?"

"बाकीच्यांस्नी जेवढा हाय तेवढा. त्यात भाकरी धरू नगंस."

रेश्मानं लिहिलं आणि शाईचा डबा उघडला. "अंगठा उठवा, मामा. पुरुषाचा डावा घेत्यात." बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

अर्जुनानं बाहीच्या गाठीकडं बघितलं. "डावा मालकांच्या चरकानं खाल्ला. उजवा चालंल का?"

"चालंल," मनुबाई म्हणाली.

त्यानं उजवा अंगठा शाईत बुडवला आणि खुर्चीवर ठेवलेल्या कागदावर आणला. पण वारा सुटला होता. कागद फडफडायचा, सरकायचा. तो अंगठा नेई, कागद पळे. दुसरा हात असता तर त्यानं दाबून धरला असता. रेश्माच्या एका हातात डबा, दुसऱ्यात बाकीचे कागद. माणसं काम थांबवून बघत होती.

मनुबाईनं काठी चिपाडाला टेकवली. वाकायला तिला वेळ लागला. गुडघा कुरकुरला, पाठ ताणली. तिनं कागदाच्या कोपऱ्यावर आपला तळहात ठेवला आणि दाबून धरला.

"लाव," ती म्हणाली. "सावकाश लाव. मी धरलाय."